उर्फ

"ताई, नीट वाचून घ्या. नंतर नावात चूक निघाली तर पुन्हा स्टॅम्पपेपर आणावा लागेल."

तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून बसलेल्या टंकलेखकाने कागद माझ्याकडे सरकवला. वडील जाऊन चार महिने झाले होते. वारस नोंदीला गेले, तर शाळेच्या दाखल्यावर कुसुम आणि आधार कार्डावर अपर्णा. या दोघी एकच कशावरून? म्हणून प्रतिज्ञापत्र. "मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की" अशी सुरुवात आणि चार ओळी खाली, "सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे."

ते वाक्य मी दोनदा वाचलं. माहेरी मला अजून बेबीच म्हणतात. कुसुम होती ती फक्त शाळेच्या हजेरीत. अपर्णा लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिली गेली. ते नाव कुणी ठरवलं हे मला आजतागायत कळलेलं नाही, मला विचारलं नव्हतं एवढं नक्की. मी टंकलेखकाला म्हटलं, "बेबी पण घालायचं का, उर्फ करून?" तो हसला. "घरचं नाव कशाला? ते कुठं कागदावर आहे?"

कचेरीत ताटकळावं लागणार हे माहीत होतं म्हणून पर्समध्ये रेमंड विल्यम्सची 'बॉर्डर कंट्री' टाकली होती. 1960 सालची कादंबरी, बरीचशी स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली. मॅथ्यू प्राइस लंडनमध्ये आर्थिक इतिहास शिकवतो. वडिलांना झटका आल्याचा निरोप येतो आणि तो वेल्सच्या सीमेवरच्या आपल्या गावी जायला गाडी पकडतो. गावी त्याला मॅथ्यू कुणीच म्हणत नाही, तिथे तो विल. कागदावर एक नाव, उंबऱ्याच्या आत दुसरं. लेखकानेही हे पथ्य पाळलंय: आजच्या प्रकरणांत मॅथ्यू, बालपणाच्या प्रकरणांत विल. हा विल पुढे मॅथ्यू होणार आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी वाचताना दोन माणसं भेटल्यासारखं वाटत राहतं.

विल्यम्स स्वतः 1921 मध्ये पँडी नावाच्या खेड्यात जन्मला. वडील रेल्वेत सिग्नलमन. पोरगा केंब्रिजला गेला, मोठा समीक्षक झाला, जगभर रेमंड विल्यम्स म्हणून गाजला. पँडीत मात्र त्याला जिम म्हणत. म्हणजे लेखकाने आपल्या नायकाला दोन नावं दिली ती हवेतून काढली नव्हती.

मॅथ्यू प्राइसच्या संशोधनाचा विषयही काय, तर औद्योगिक क्रांतीच्या काळात खाणींच्या दऱ्यांमध्ये माणसं कुठून कुठे गेली. हजारो माणसांच्या हालचालीची तो मोजदाद करतोय आणि काम पुढे सरकत नाहीये. लंडन ते गाव हा स्वतःचा प्रवास त्याच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. वडील अंथरुणावर असताना तो घरात इकडून तिकडे फिरतो, काय बोलावं ते त्याला सुचत नाही. त्या पानांवर मी फार रेंगाळले. कारण उघड आहे, त्यात शिरत नाही.

मी बावीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. त्या सवयीने अशा पुस्तकाकडे पाहिलं की हात आपोआप चिठ्ठ्या चिकटवायला लागतो. 'ओळखीचा पेच' म्हटलं की एरिक एरिक्सन. (गंमत म्हणजे हा शब्द जगाला देणाऱ्या गृहस्थांनी 'एरिक्सन' हे आडनाव स्वतःच घेतलं होतं, अमेरिकेचं नागरिकत्व घेताना. आधी ते होम्बर्गर होते. पेच पुस्तकातून शिकलेले नव्हते.) 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' म्हटलं की डोनल्ड विनिकॉट, 1960 चा त्यांचा लेख. आईच्या, घराच्या, जगाच्या अपेक्षा पुऱ्या करताना मूल एक मुखवटा तयार करतं आणि त्यामागे खरा स्व दडवून, सांभाळून ठेवतं. हे मी शेकडो मुलांना फळ्यावर दोन वर्तुळं काढून शिकवलंय. वेल्समध्ये इंग्रजीतून स्वतःबद्दल लिहिणाऱ्यांना ही वर्तुळं चपखल बसतात असं वाटतं. वेल्श, तिथली मूळ भाषा, म्हणजे आतलं वर्तुळ, इंग्रजी बाहेरचं. फळ्यावर तरी किती छान दिसतं!

आता या चित्रात आर. एस. थॉमसला बसवून पाहा.

हा कवी 1913 मध्ये कार्डिफला जन्मला आणि हॉलीहेड बंदरात वाढला. वडील बोटीवर. घरात भाषा इंग्रजी. तो चर्चचा पाद्री झाला आणि मोठेपणी, नोकरीला लागल्यावर, धडपडत वेल्श शिकला. मनॅफन, एग्लुइसफाख, शेवटी समुद्राच्या टोकावरचं अ‍ॅबरडॅरन. एकेका बदलीनिशी तो अधिकाधिक वेल्श प्रांतात सरकत गेला. भाषेसाठी इतका कडवा की इंग्रजी पाहुण्यांना धाकच वाटावा. कविता मात्र सगळी इंग्रजीत. वेल्शमधून कविता होत नाही, ती आईच्या दुधाबरोबर आलेल्या भाषेतच होते, हे त्याने कबूल केलं होतं आणि ते त्याला आयुष्यभर सलत राहिलं.

हा माणूस 1985 मध्ये आत्मचरित्र लिहितो, तेही वेल्शमध्ये. नाव 'नेब'. म्हणजे 'कुणी नाही'. आणि सगळं पुस्तक तृतीय पुरुषात! तो जन्मला, तो शाळेत गेला, त्याची बदली झाली. 'मी' नाहीच. ज्या भाषेत तो 'खरा' व्हायला निघाला होता, त्या भाषेत पोचल्यावर त्याने आपलं नाव सांगितलं: कुणी नाही.

आता सांगा, आतलं वर्तुळ कुठलं? जन्मासोबत आलेली इंग्रजी, जिच्यात कविता उमटते पण जिची त्याला लाज वाटते? की निवडून घेतलेली वेल्श, जिच्यावर त्याचं प्रेम आहे पण जिच्यात त्याला 'मी' म्हणवत नाही? मी हे पुस्तक अनुवादातून वाचलं आणि फळ्यावरची दोन वर्तुळं मनातल्या मनात पुसून टाकली.

समीक्षकांनी याचं मानसशास्त्र बरंच केलंय. आईचा जाच, अबोल स्वभाव, स्वतःपासून पळणं. असेलही. मला त्यापेक्षा साधी गोष्ट दिसते. 2000 साली रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. मुलाखत रशियनमध्ये घेतली की त्यांना रशियन बोलत असतानाचे प्रसंग जास्त आठवत, इंग्रजीत घेतली की इंग्रजीत घडलेले. आठवण ज्या भाषेत घडली त्या भाषेत हाक मारली तर लवकर ओ देते. थॉमसचं सगळं लहानपण इंग्रजीत घडलेलं. हॉलीहेडच्या किनाऱ्यावरच्या त्या मुलाला तो मोठेपणी कमावलेल्या भाषेत हाक मारतोय. मुलगा मागे वळून पाहणार कसा? मग त्याला लांबूनच 'तो' म्हणायचं. मला यात रोगाचं लक्षण दिसत नाही. दिसतो तो प्रामाणिकपणा.

आणि तीन वर्षांनी, 1988 मध्ये, तो इंग्रजीत 'द एकोज रिटर्न स्लो' लिहितो. एका पानावर गद्याचा तुकडा, समोर कविता. पुन्हा आपलंच आयुष्य. तिथल्या गद्यातही 'मी' चुकवलेला. म्हणजे दोष एकट्या वेल्शचा नव्हता. या माणसाला दोन्ही घरांत पाहुण्यासारखं बसायची सवय लागली होती.

मराठीत या सवयीला आपण नावं ठेवायचं कारण नाही. 'प्रस्तुत लेखक' म्हणत स्वतःकडे बोट दाखवणं आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. आणि दया पवारांच्या 'बलुतं'ची सुरुवात आठवा. दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर येतात. एकाने भोगलेलं, दुसऱ्याने लिहिलेलं. मॅथ्यू आणि विल यांची अशी समोरासमोर गाठ पडती तर काय बोलले असते, असं माझ्या मनात येऊन गेलं. दोन्हींच्या दुःखाची प्रत एक नाही, जातीच्या उतरंडीपुढे वेल्सच्या सिग्नलमनचं घर म्हणजे सुखाची जागा. पण 'मी' हा शब्द एका दमात उच्चारता न येणं, ते मात्र ओळखीचं आहे.

वेल्समध्ये इंग्रजी घराघरांत शिरली कशी, ते थोडक्यात. 1847 मध्ये तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्सच्या शाळांचा अहवाल दिला. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. शिक्षण वाईट, नीती वाईट आणि दोन्हींच्या मुळाशी भाषा, असा एकूण सूर. वेल्श लोक निळ्या पुठ्ठ्याच्या त्या अहवालाला आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. कित्येक शाळांमध्ये 'वेल्श नॉट' नावाचा लाकडाचा तुकडा असे. वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात तो अडकवायचा. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तो त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. सरकारी हुकूम नव्हता हा, शाळांचा आपापला उद्योग. मला त्यातली छडी तितकी लागत नाही. मित्राच्या तोंडाकडे कान लावून बसायला शिकवणं लागतं. 1891 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलत होते. 2021 मध्ये उरले 17.8 टक्के.

आकडे कळतात, पण घरात ते कसं घडतं ते लेखक ग्विन थॉमसकडे पाहिलं की कळतं. ऱ्हाँडा दरीतला खाणकामगाराचा मुलगा, बारा भावंडांत सगळ्यात धाकटा. थोरल्यांची भाषा वेल्श, धाकट्यांची इंग्रजी. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाच्या मधोमध कुठेतरी भाषा बदलली. 1968 मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं ते विनोदी अंगाने, आणि शीर्षकात 'एक्झिट्स' हा शब्द ठेवला: निवडक निर्गमनं म्हणा ना.

कवी डिलन थॉमसच्या घरी तर बाप शाळेत इंग्रजीचा मास्तर. आईबाप दोघांनाही वेल्श येत होतं, मुलांना शिकवलं नाही. उलट उच्चार सुधारायला शिकवणी लावली. त्याच बापाने मुलाचं नाव मात्र जुन्या वेल्श कथांमधून, 'मॅबिनोगियन'मधून उचललं. वेल्शमध्ये त्याचा उच्चार 'डलन'च्या जवळ जातो. आईला धास्ती, पोरं इंग्रजी 'डल' म्हणून चिडवतील. शेवटी इंग्रजी वळणाने 'डिलन' झालं. नाव वेल्श, जीभ इंग्रजी. एका शब्दात सगळं घर आलं.

या डिलनचा एक रेडिओ कार्यक्रम आहे, 1947 चा, 'रिटर्न जर्नी'. माझ्या मते स्वतःबद्दल त्याने लिहिलेलं सगळ्यात नेमकं. 1941 च्या फेब्रुवारीत तीन रात्री बाँब पडून त्याच्या गावाचा, स्वॉन्झीचा, मधला भाग भुईसपाट झालेला. कडाक्याच्या हिवाळ्यात एक माणूस तिथे येतो आणि ज्याला त्याला विचारत सुटतो: इथे थॉमस नावाचा पोरगा राहायचा, पाहिलात का? आधी एका बारमध्ये शिरतो. काउंटरमागची बाई विचारते, दिसायला कसा होता? तो वर्णन करायला लागतो. उंचीला सरासरीपेक्षा जास्त. म्हणजे वेल्सच्या मानाने जास्त हं, पाच फूट साडेसहा इंच. जाड ओठ, नाक असं, केस तसे. स्वतःच्या सतरा-अठराव्या वर्षाची अशी खिल्ली, हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखी! बाई म्हणते, असल्याला शोधून करायचंय काय?

मग तो जुन्या वर्तमानपत्राच्या कचेरीजवळ, शाळेच्या जागी, समुद्रावर विचारत जातो. प्रत्येकाला वेगळा थॉमस आठवतो. शेवटी लहानपणच्या बागेचा राखणदार भेटतो. त्याला पोरगा लख्ख आठवतो, झाडावर चढणारा, हंसांना त्रास देणारा. त्याचं काय झालं, असं विचारल्यावर राखणदार सांगतो: मेला.

मी हे वर्गात एकदा वाचून दाखवलं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण मग शोधणारा कोण आहे?" तास संपला होता, म्हणून वाचले.

फ्रॉइडला इंग्रजी जगात रुजवणारा, त्याला 1938 मध्ये व्हिएन्नातून बाहेर काढायला धावलेला आणि त्याचं तीन खंडी चरित्र लिहिणारा अर्नेस्ट जोन्स हाही वेल्शच, स्वॉन्झीपासून हाकेच्या अंतरावरचा. आईला त्याचं नाव मर्दिन ठेवायचं होतं, म्हणजे मर्लिन जादूगार. वडिलांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुलावरून आल्फ्रेड अर्नेस्ट ठेवलं. त्याचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र 1959 मध्ये, तो गेल्यावर, 'फ्री असोसिएशन्स' नावाने निघालं. मनात येईल ते बोला, असं रुग्णाला सांगणाऱ्या पद्धतीचं नाव पुस्तकाला. प्रत्यक्षात माणूस चांगलाच सावध आहे. कुठे काय सांगायचं ते मोजून सांगतो. म्हणजे ज्या चष्म्यातून आपण या वेल्श मंडळींकडे पाहतो, तो चष्मा आणणाऱ्याच्या घरीही नावाचा झगडा होताच.

मार्जिअड इव्हान्सची तऱ्हा उलटी. जन्म लंडनजवळचा, खरं नाव पेगी व्हिसलर. सीमेवरच्या मुलखात वाढली, तिथल्या मातीने झपाटली आणि लिहिताना वेल्श नाव धारण केलं. 1943 मध्ये तिने 'ऑटोबायोग्राफी' नावाचंच पुस्तक काढलं. त्यात जन्म, शाळा, लग्न असलं काही शोधाल तर हाती लागणार नाही. आहे ते शेत, वारा, रात्र, शेगडी. चाळिशीत तिला फेफऱ्याचे झटके सुरू झाले आणि 1952 मध्ये तिने 'अ रे ऑफ डार्कनेस' लिहिलं. झटक्यात 'मी' काही काळ नसतेच, मग त्या वेळेबद्दल 'मला झालं' असं म्हणायचं कसं, हा तिचा प्रश्न आहे आणि तो तिने डॉक्टरांवर सोडला नाही. पुढे मेंदूत गाठ निघाली. एकोणपन्नासाव्या वाढदिवशी ती गेली.

शार्लट विल्यम्सला मात्र कुणी आत डोकावून पाहायची गरजच नव्हती. आई वेल्श बोलणारी, वडील गयानाचे चित्रकार, बालपण लॅन्डिडनोला. 'शुगर अँड स्लेट' हे तिचं 2002 चं पुस्तक. तिचा 'मी' रस्त्यावरच प्रश्नात पडतो: तू मूळची कुठली? शीर्षकातली साखर कॅरिबियनची, पाटीचा दगड उत्तर वेल्सचा. जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांवर गब्बर झालेल्या पेनंट घराण्याचा पैसा याच दगडाच्या खाणींत ओतला गेला. माझा दुभंग मनात शोधू नका, हिशोबाच्या वह्यांत शोधा, असं जणू ती सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मी आर. एस. थॉमसच्या काही कविता मराठीत करून पाहत होते. त्याचा तो शेतकरी, आयागो प्रिथरख, उघड्याबोडक्या डोंगरावरचा. पाद्री त्याच्याकडे बघतोय आणि आपल्याला दाखवतोय. त्याच्या कवितांत जिथे जिथे इंग्रजी 'वुई' आलं तिथे तिथे माझी गाडी अडली. मराठीत दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटलं की आत. इंग्रजीत दाराला कडीच नाही. थॉमस इंग्रजीत लिहितो तेव्हा ऐकणारा कोण, डोंगराखालचा वेल्श शेजारी की लंडनचा वाचक? वेल्श लोकांबद्दल तो 'वुई' म्हणतो तेव्हा तो स्वतः त्यात आहे का? 'आम्ही' लिहिलं तर तो डोंगरावरच्यांचा वकील होतो. 'आपण' लिहिलं तर साहेबाच्या शेजारी जाऊन बसतो. इंग्रजीने त्याला ही निवड करू दिली नाही, किंवा करण्यापासून वाचवलं. माझ्या वहीत अजून दोन्ही शब्द एकावर एक लिहिलेले आहेत, मधे तिरकी रेघ.

वेल्श मानसावरच्या लेखांत दुभंग, उणीव, हरवलेपण हे शब्द इतके येतात की वाचता वाचता सगळा देश दवाखान्यात दाखल झाल्यासारखा वाटतो. माझं मन त्याला आता तयार होत नाही. विल आणि मॅथ्यू यांच्यात अंतर आहे म्हणून तर ती कादंबरी आहे. एकच नाव असतं तर विल्यम्सला सांगण्यासारखं काय होतं?

फेरफार मंजूर झाला त्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर ती ओरडूनच बोलते.

"बेबी, झालं का गं काम?"

"झालं आत्या. सातबाऱ्यावर नाव लागलं कुसुमचं."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"कोण कुसुम?"